शेरा रकान्यातला माणूस

फोनवरच्या त्या समूहाचं नाव मी इथं लिहिणार नाही. माझ्या हातून त्यांची फुकट जाहिरात व्हायला नको. ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्यांचंही नाव लिहिणार नाही, पण त्याचं कारण वेगळं आहे. त्या समूहात एकदा त्यांना पूर्ण नाव विचारलं गेलं, त्यांनी ते सरळ सांगितलं, आणि पुढं काय झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून त्यांचं नाव परक्याच्या हातात द्यायला मला नको वाटतं. मी त्यांना काका म्हणत असे, तेवढं पुरे.

केनवडच्या सबस्टेशनला मी नवीन ऑपरेटर म्हणून हजर झाले, तेव्हा ते तिथं मुरलेले होते. पहिल्याच दिवशी मी विचारलं, तुम्हाला साहेब म्हणू की काका. ते म्हणाले, "काका म्हन. पुस्तकातल्या भाषेत 'का' म्हंजे काहून. काका म्हंजे एकच प्रश्न दोनदा इचारला. पयल्या बारीले कोनी उत्तर देत नाई."

सबस्टेशनची नोकरी बाहेरून वाटते तशी धामधुमीची नसते. दर तासाला मीटर वाचायचे, आकडे लॉगशीटवर लिहायचे. गावांकडे जाणाऱ्या एकेका लाईनला फीडर म्हणतात. आमच्याकडे असे तीन होते. लाईनमन खांबावर चढणार असेल तर त्याचा फीडर बंद करून द्यायचा, तो उतरला की चालू करायचा. मधला वेळ ट्रान्सफॉर्मरची घरघर ऐकत बसायचं. बहुतेकांना त्या वेळात झोप येते. काकांना प्रश्न पडत.

लॉगशीटच्या शेवटी 'शेरा' नावाचा रकाना असतो. तिथं सगळे 'ठीक' लिहितात. काकांनी एका दुपारी लिहिलं, "व्होल्टेज ठीक. मन ठीक नाही. कारण शोधणे चालू." तो कागद नेमका तपासणीत एका अभियंत्याच्या हाती लागला आणि शेरा रकान्यात अनावश्यक मजकूर लिहिल्याबद्दल काकांकडून लेखी खुलासा मागवला गेला. काकांनी खुलासा दिला: चूक मान्य आहे, परंतु अनावश्यक म्हणजे काय ते ठरवण्याचा निकष कळवावा, म्हणजे पुढे त्यानुसार लिहिता येईल. निकष कधीच आला नाही. त्यांनी मात्र 'शेरा' हे आपलं टोपणनाव करून टाकलं आणि समूहात ते त्याच नावानं वावरत. तिकडच्या काही लोकांना वाटे, हे कुणाच्या कुत्र्याचं नाव असावं.

जेवायला बसले की ते आधी सगळी भाकर कोरडी खात आणि मग सगळी भाजी नुसती. मी एकदा न राहवून विचारलं. ते म्हणाले, दोन्ही संगं खाल्लं तर तोंडात काय चाललं ते कोनाच्या नावावर लिवावं. त्यांच्या घरी भिंतीत एक कोनाडा होता. त्यांच्या आजोबांनी छप्पन्न साली धम्म स्वीकारला तेव्हा त्या कोनाड्यातले देव गेले. पुढं वडिलांनी बुद्धाची तसबीर वर भिंतीला लावली आणि कोनाडा रिकामाच राहिला. काका त्यात कात्रणं, जुन्या मासिकांतून फाडलेल्या विज्ञानकथा आणि लॉगशीटच्या पाठकोऱ्या कागदांवर पेन्सिलीनं लिहिलेले प्रश्न ठेवत. दहावीनंतर आयटीआयचा वायरमन ट्रेड केलेला माणूस. लाईनमन असताना एका अपघातात उजव्या हाताचं पहिलं बोट आखडलेलं, त्यामुळे फोनवर डाव्या अंगठ्यानं एकेक अक्षर लावत बसायचे.

तो समूह त्यांचा त्यांनीच शोधून काढला होता. तत्त्वज्ञान, विज्ञानकथा आणि शब्दांचे खेळ, या तीन गोष्टींसाठी जमलेली मराठी माणसं. कुणी पुण्याचे, कुणी बंगळुरूचे, कुणी अमेरिकेतले. सोमवारी एक प्रश्न, बुधवारी शब्दखेळ, रविवारी कथा. दिवाळीला फोनवर वाचायचा अंक. या सगळ्यावर देखरेख करणारे एक निवृत्त प्राध्यापक होते, त्यांना सगळे सर म्हणत.

काकांचा आनंद मी पाहिला आहे, म्हणूनच मला पुढचं सहन होत नाही. बुधवारी उलटसुलट सारखे वाचता येणारे शब्द मागितले की हा माणूस सकाळपासून गालात हसत असायचा. पाळी बदलताना पंधरा मिनिटांत कामं सोपवून निघायचं असतं. त्यांची पंधरा मिनिटं तासभर चालत. एकदा त्यांनी मला हाताला धरून बाहेर नेलं आणि भिंतीवरचा 'वीज वाचवा' हा फलक दाखवला. 'वाचवा' दोन्हीकडून वाचवाच होतं, हे इतकी वर्षं तिथं काम करून त्यांना त्या दिवशी दिसलं होतं. 'नवीन'ही तसाच. "नवीन उलटा केला तरी नवीनच राह्यते," ते म्हणाले. "जुना उलटा केला की 'नाजु' होते. क लावला की नाजूक. जुनं नाजूकच असते, बाई, पाहून घे." समूहात स्वतःची ओळख द्यायची होती तेव्हा त्यांनी एवढंच लिहिलं होतं: मी वीज वाचतो, म्हणून वाचतो.

त्यांनी तिथं टाकलेला पहिला प्रश्न माझ्याकडे अजून आहे. "लाईट असला की लाईट कोनालेच दिसत नाई. गेला की सगळ्याईले दिसते. मंग मानूस पाहून काय राह्यला, लाईट का लाईटाचं नसनं?"

त्याखाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग लागली. कुणी लिहिलं, वऱ्हाडी तडका. कुणी लिहिलं, असेच विनोद टाकत चला. काका दोन दिवस फोन घेऊन विचार करत बसले की यात विनोद कुठं आहे. त्यांनी मला गंभीरपणे विचारलंही. मला त्या लोकांचा राग यायला हवा होता. मी मात्र काय केलं? मी म्हणाले, काका, तिथं 'मले', 'तुले' चालत नाही. तुम्ही लिहा, मी शुद्ध करून देते.

मी मंगरुळपीरकडच्या आसेगावची. घरी आम्हीही 'मले', 'तुले'च बोलतो. अमरावतीला डिप्लोमाला गेले तेव्हा वर्गातल्या दोन मुली माझी नक्कल करायच्या. तीन महिन्यांत मी 'मला' म्हणायला शिकले आणि पुढं त्याचाच अभिमान बाळगला. म्हणून मी 'शुद्ध करून देते' म्हणाले. आत्ताही मी हे सगळं त्याच भाषेत लिहिते आहे, कारण आता हात तसाच वळतो, आणि त्याचाही मला राग येतो.

महिनाभरानं तोच प्रश्न मी धुऊन-पुसून दिला. "प्रकाश असताना तो आपल्याला दिसत नाही, नसताना मात्र त्याची जाणीव होते. मग आपण नेमकं काय पाहतो: वस्तू, की तिचा अभाव?" यावर लोक तीन दिवस चर्चा करत होते. सरांनी स्वतः लिहिलं की 'शेरा' यांची चिंतनाची बैठक पक्की दिसते. महिन्यापूर्वी याच प्रश्नाला हसलेल्या एकालाही तो ओळखू आला नाही. मी काकांना म्हणाले, पाहिलंत? मला वाटलं, आपण जिंकलो.

त्यानंतर काकांनी कथा लिहिली. तिचं नाव 'चौथा फीडर'. एका सबस्टेशनला तीनच फीडर असतात, पण एका दुपारी पॅनेलवर चौथ्या फीडरचा काटा हलू लागतो. त्या लाईनीवर कोणतंच गाव नाही, तरी कुणीतरी वीज ओढतंय. ऑपरेटर तारेखालून चालत निघतो आणि अशा गावात पोहोचतो जिथली माणसं अजून जन्माला आलेली नाहीत. ती त्याला पाणी देतात, बसायला सांगतात आणि आपापली कामं करत राहतात. परत आल्यावर त्याला आदेश मिळतो: हिशेबात नसलेला फीडर बंद कर. तो हात स्विचवर ठेवून उभा राहतो. कथा तिथंच संपते.

पाठकोऱ्या लॉगशीटवर पेन्सिलीनं लिहिलेली ती कथा मी वाचली तेव्हा खुर्चीतून उठून खरोखर पॅनेलकडं पाहिलं. मग तिच्यातलं प्रत्येक 'मले' खोडून 'मला' केलं, प्रत्येक 'काहून' खोडून 'का' केलं, आणि टाइप करून दिली. समूहात तिचं इतकं कौतुक झालं की सरांनी दिवाळी अंकाची पहिली कथा हीच असेल असं जाहीर केलं आणि रविवारी दुपारी व्हिडिओवर लेखकाशी गप्पा ठेवल्या.

काकांची त्या दिवशी ड्युटी होती. सुटीवर असूनही मी गेले, पॅनेल मी सांभाळते, तुम्ही बोला म्हणाले. माझ्या फोनवरून मीही सामील झाले होते, आवाज बंद ठेवून. काका गणवेशात, केस विंचरून, पॅनेलला पाठ करून बसले. नमस्कार झाले. ते म्हणाले, "मले लय आनंद झाला सगळ्याईले पाहून. इतके दिवस नुसते अक्षरं पाहून राह्यलो होतो."

पडद्यावरच्या चौकटींमधले चेहरे बदलले. कुणाच्या ओठांवर ते जुनं हसू आलं. कुणीतरी खाली लिहिलं, हे खरंच शेरा आहेत का? सरांनी विचारलं, शिक्षण किती झालं? मग विचारलं, ही कथा कशावरून सुचली, एखादी इंग्रजी कथा वाचनात आली होती का? काका म्हणाले, इंग्रजी मले येत नाई. मग सर म्हणाले, नोंदीसाठी आपलं पूर्ण नाव सांगा, आडनावासहित. काकांनी सांगितलं. त्यानंतर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. त्या शांततेत काय होतं हे मी सिद्ध करू शकत नाही. शांततेचा स्क्रीनशॉट निघत नाही. पण वाशिम जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला ती ओळखू येते.

मग सर फार मृदू आवाजात म्हणाले, "तुमचा नायक शेवटी स्विच का बंद करत नाही, ते तुमच्या शब्दांत सांगाल?"

"तो बंद करत नाई असं कुठं लिवलं, साहेब? तो उभा हाय," काका म्हणाले. "पुढचं मले माहीत नाई. माहीत असतं तर म्या कथा लिवलीच कायले असती?"

इतकं खरं उत्तर त्या समूहात कुणी कधी दिलं नसेल. खाली एकानं लिहिलं, लेखकालाच माहीत नाही म्हणजे कमाल आहे. त्याला आठ-दहा अंगठे मिळाले. गप्पा पंधरा मिनिटांत आटोपल्या.

आणि मी त्यांच्यापासून चार हातांवर बसून होते. आवाज चालू करायला एक बोट लावायचं होतं. मी लावलं नाही. मला वाटलं, शुद्ध मी केलं असं सांगितलं तर त्यांची शंका पक्कीच होईल. ही मी त्या वेळी स्वतःला दिलेली सबब होती. खरं म्हणजे त्या चौकटींमधल्या लोकांपुढं माझ्या तोंडून आसेगावची बोली निसटेल याचीच मला भीती वाटली.

दोन दिवसांनी सरांची सूचना आली. काही सदस्यांनी कथा कुठल्याशा संकेतस्थळावर तपासून पाहिली असून ती यंत्राकडून लिहून घेतल्याची शक्यता वाटते. लेखकाची बोलण्याची भाषा आणि लेखनाची भाषा यांत मोठी तफावत आहे. खात्री होईपर्यंत कथा अंकातून मागे घेत आहोत. कुणाच्याही भावना दुखावण्याचा हेतू नाही.

हे शेवटचं वाक्य वाचून माझं डोकं फिरलं. त्यांना ज्या यंत्राचा वास आला होता, ते यंत्र मी होते. काकांच्या वाक्यांची सगळी माती मीच झटकली होती आणि आता हे लोक विचारत होते की यात माती का नाही. त्याच दुपारी मी काकांच्या घरी गेले, कोनाड्यातून ते पेन्सिलीचे कागद काढले, एकेका पानाचा फोटो घेतला आणि समूहात टाकला. खाली लिहिलं की मूळ कथा ही आहे, भाषा बदलण्याचा गुन्हा माझा आहे, आणि एका माणसाला त्याच्या नोकरीवरून, बोलीवरून आणि आडनावावरून खोटं ठरवण्याचा गुन्हा तुमचा आहे.

दुसऱ्या दिवशी तिघा-चौघांनी मनापासून माफी मागितली, ते मी नाकारणार नाही. पण सरांनी काय लिहिलं? गैरसमज दूर झाल्याचा आनंद आहे. आडनावाचा विषय निघायला नको होता, आपल्या समूहात असलं काही नसतं. आता मूळ कथा अंकाच्या 'बोलीचा ठसका' या विनोदी विभागात घेता येईल. लेखकानं गणवेशातला एक फोटो पाठवावा.

विनोदी विभागात! जन्माला न आलेल्या माणसांच्या गावाची कथा, विनोदी विभागात.

काकांनी खाली एकच ओळ लिहिली: "कथा परत घेतो. तिच्यात हसासारखं काई नाई." मी त्याच क्षणी समूह सोडला. मला वाटलं तेही सोडतील. त्यांनी सोडला नाही.

यावरून आमचं जे भांडण झालं ते सबस्टेशनच्या लाईनमननीही ऐकलं. मी म्हणाले, तुम्हाला काही अपमान वाटतो की नाही? तुम्ही रागवत का नाही? तुमच्या अशा वागण्यानंच या लोकांचं फावतं. ते लॉगशीटवर आकडे लिहीत होते, ते त्यांनी पुरे केले आणि पेन खाली ठेवला.

"मले राग नाई आला असं कोनी सांगतलं तुले?" ते म्हणाले. "तीन दिवस जेवन गेलं नाई. पन प्रश्न काय त्याईच्या मालकीचे हायेत? आमच्या बापाले मंदिराच्या पायरीवून उठवलं होतं. तो उठला, कारन त्याले तिथून काई पाहिजे नव्हतं. मले इथून पाहिजे हाय. मी कायले उठू?"

अजूनही मला ते पूर्ण पटलेलं नाही.

ते तिथंच राहिले. फक्त त्या दिवसापासून त्यांनी मला काही शुद्ध करायला दिलं नाही. सोमवारच्या प्रश्नाला ते आपल्या बोलीत उत्तर लिहू लागले. आधी पिवळे चेहरे आले, मग ते कमी झाले, कारण सलग दहा सोमवार गंभीर उत्तरं देणाऱ्या माणसाला हसत राहणं अवघड असतं. एकदा अमेरिकेतल्या एका बाईंनी त्यांच्या उत्तराखाली लिहिलं, "तुमचं मले पटलं. मी धनजची हावो. लग्नानंतर हे 'मले' कधी कुठं लिवलंच नव्हतं." धनज आमच्याच जिल्ह्यातलं. काकांनी तो संदेश मला दाखवला आणि फोन परत घेऊन स्वतः पुन्हा एकदा वाचला. त्या बाईंचं आणि त्यांचं आता दर बुधवारी शब्दांवरून भांडण चालतं.

माझी वाशिमला बदली झाली. 'चौथा फीडर' कुठंच छापली गेली नाही, ती कोनाड्यात आहे. त्या वर्षीचा दिवाळी अंक निघाला, पहिली कथा सरांचीच होती, आणि कुणालाही काही वावगं वाटलं नाही. लोक मला म्हणतात, जाऊ दे, ज्यांचा अपमान झाला ते विसरले. ते विसरलेले नाहीत, हे मला माहीत आहे. आणि विसरले असते तरी मी विसरायचं कारण काय? त्या दुपारी आवाज बंद ठेवून मी बसले होते.

गेल्या महिन्यात सरांचा मला खासगी संदेश आला. मॅडम, तुमच्याविषयी मनात आदरच आहे. तुमची प्रमाण भाषेवरची पकड विलक्षण आहे. यंदाच्या अंकासाठी संपादनात मदत कराल का? लेखकांची भाषा फार खडबडीत असते. नमुना म्हणून माझीच नवी कथा पाठवतो, जरा हात फिरवून शुद्ध करून द्या.

मी चार वेळा उत्तर लिहिलं आणि खोडलं. त्यात छापण्यासारखं काही नव्हतं. शेवटी काकांना फोन करून ते सगळं वाचून दाखवलं. ते ऐकत राहिले, मग मला वाटलं फोन कटला, पण ते हसत होते.

"नाई कायले म्हनतं?" ते म्हणाले. "दे ना शुद्ध करून. तुले येते ते."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी दोन रविवार बसले. सरांच्या कथेतला अंतराळवीर 'मला भय वाटते' असं म्हणत होता, तो 'मले भेव लागून राह्यलं' म्हणू लागला. त्याची पत्नी 'तू परत येशील ना?' असं विचारत होती, ती 'कवा येतं रे बाप्पा?' असं विचारू लागली. एकही 'मला' शिल्लक ठेवला नाही. आईला फोन करून तीन-चार शब्द विचारून घेतले, कारण माझेच विसरायला आले होते. मग फाइल सरांना पाठवली आणि खाली लिहिलं: "सांगितल्याप्रमाणे शुद्ध केली आहे."

त्यांनी ती वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या आहेत. उत्तर आलेलं नाही. राग बाजूला ठेवून प्रामाणिकपणे सांगते, कथा पुष्कळ सुधारली आहे.